माप, माया आणि उरलेले तुकडे: एका वर्षाच्या गोधडीकामाच्या नोंदी

४ जानेवारी

उरलेल्या कापडाचे पाचही डबे आज रिकामे केले आणि सगळा माल वजनकाट्यावर ठेवला. ११ किलो ४०० ग्रॅम भरला. इतकी वर्षे मी हे तुकडे रंगांनुसार लावत आले. दिसायला ती मांडणी सुंदर होती, पण तिचा उपयोग जवळजवळ शून्य होता. निळ्या डब्यात हात घातला की एकाच वेळी तळहाताएवढा तुकडा, नाडीसारखी लांब पट्टी, बाहीच्या बेतातून उरलेली तिरकी फाक आणि चुरगळलेली अर्धी उशीची खोळ हाती येई. त्यांतले काहीही वापरायचे तर आधी इस्त्री, मग सरळ कड काढणे, मग कापणे. एवढे सगळे करण्यापेक्षा नव्या कापडाची घडी उलगडणे सोपे वाटे आणि मी नेमके तेच करत असे.

म्हणून या वर्षापुरते ठरवले आहे की गोधडीच्या दर्शनी पदरासाठी नवे कापड आणायचे नाही. मधला थर आणि अस्तर यांना ही अट नाही. वर्षअखेरीस पुन्हा वजन करायचे.

११ जानेवारी

मापे ठरवली: दीड इंच, अडीच इंच आणि साडेतीन इंच. यामागचा हिशेब इथे लिहून ठेवते, कारण शिकवताना तो पुन्हा लागणार आहे. प्रत्येक कडेला पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले कापड, शिवणीत जाते, म्हणजे दीड इंचाचा चौकोन शिवल्यावर एक इंचाचा दिसतो, अडीचचा दोन इंचांचा आणि साडेतीनचा तीन इंचांचा. दीड इंचाचे तीन तुकडे एका ओळीत जोडले की त्या ओळीची लांबी बरोबर साडेतीन भरते, म्हणजे ती साडेतीनच्या एका चौकोनाशेजारी काही न कापता बसते. एक, दोन आणि तीन ही मापे एकमेकांत मिसळतात, म्हणून तिन्ही डब्यांतले तुकडे एकाच गोधडीत येऊ शकतात. दोन इंची आणि तीन इंची कापलेले तुकडेही मी पूर्वी ठेवत असे, पण ते शिवल्यावर दीड आणि अडीच इंच होतात आणि या कुटुंबात कुठेच बसत नाहीत.

इंचापेक्षा अरुंद जे काही असेल ते, दोऱ्यांसकट, बैठकीच्या उशीत भरायचे. लांब, वेडीवाकडी, पण इंचाहून रुंद पट्टी असेल तर ती वेगळ्या पिशवीत. त्या पिशवीचे पुढे काय करायचे ते आज ठरलेले नाही.

२५ जानेवारी

कापायला सहा संध्याकाळी लागल्या. त्यांतली एक संध्याकाळ नुसत्या ओळखपरेडीत गेली, कारण लोकांनी आणून दिलेल्या पिशव्यांमधले अर्धे कापड सुती आहे की नाही हे हाताला नीट कळत नव्हते. चिमट्यात दोन-चार धागे धरून, खाली पाण्याची थाळी ठेवून जाळून पाहिले. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचाच येतो आणि मागे मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, मग वितळते आणि थंड झाल्यावर बोटाला कडक मणी लागतो. मिश्र कापडात दोन्ही दिसते, राखेत बारीक खडे. तसले कापड मी वेगळे काढले, कारण सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री त्याला सोसत नाही आणि एकाच चौकटीत दोन्ही असली की कधीतरी चूक होतेच.

१५ फेब्रुवारी

पहिली गोधडी: नाइन पॅच, म्हणजे नऊ चौकोनांची चौकट, आणि तिच्या शेजारी त्याच मापाचा एक साधा चौकोन, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी. रुंदीला नऊ आणि उंचीला अकरा, एकूण ९९ घरे. त्यांत ५० घरे नाइन पॅचची आणि ४९ साधी. प्रत्येक चौकटीत पाच गडद आणि चार फिकट तुकडे धरले की अडीच इंची २५० गडद आणि २०० फिकट चौकोन लागतात. साधे चौकोन डब्यात निघालेल्या एका जुन्या फिकट चादरीतून साडेसहा इंचांचे कापले.

गडद तुकडे मुबलक निघाले, फिकट मात्र १३० वरच संपले. कापड निवडताना नजर नेहमी ठसठशीत रंगाकडे आणि भरगच्च नक्षीकडे जाते, आणि डब्यात शेवटी तेच साचते. उरलेले ७० जमवण्यासाठी मधल्या छटांचे तुकडे पसरून मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढला. रंग गेला की फक्त उजेड आणि अंधार उरतो. ज्याला मी फिकट समजत होते तो पोपटी जवळच्या लालाइतकाच काळपट दिसला, आणि ज्याला गडद म्हणून बाजूला टाकले होते तो धुरकट जांभळा सहज फिकटांत बसला.

एक गोष्ट खटकली. साधे चौकोन नाइन पॅचपेक्षा किंचित मोठे वाटत होते, म्हणून ओढूनताणून टाचण्या लावल्या. ओळी तयार झाल्यावर मोजल्या, तर साडेचोपन्न इंच यायला हवी होती ती पहिली ओळ एक इंच आणि एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, आणि दुसरी ओळ बरोबर एक इंच कमी. कापड ताणले गेले असावे असे म्हणून पुढे गेले.

६ मार्च

वर्गाचा पहिला दिवस. चार विद्यार्थिनी आणि निवृत्त झालेले एक काका. सगळ्यांना दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या दिल्या आणि पाव इंच माया धरून एकमेकींना जोडायला सांगितल्या. इस्त्री केल्यावर तिन्ही मिळून रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी नेमकी एक इंच आली पाहिजे. शिलाई बरोबर आहे की नाही हे सांगणारी याहून सोपी परीक्षा मला ठाऊक नाही. नमुना म्हणून मीही माझ्या मशीनवर तीन पट्ट्या शिवल्या. काकांनी त्यांवर मोजपट्टी ठेवली आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "ताई, तुमची एक सूत कमी भरते आहे."

खरोखरच कमी होती. दोन शिवणींत मिळून एक सूत, म्हणजे दर शिवणीला अर्धा सूत जास्त कापड जात होते. घरी येऊन फेब्रुवारीची नोंद उघडली आणि हिशेब मांडला. पहिल्या ओळीत पाच नाइन पॅच आहेत, त्यांच्या आतल्या शिवणी दहा आणि घरे जोडणाऱ्या आठ, एकूण १८. अठरा अर्धे म्हणजे नऊ सूत, म्हणजेच एक इंच आणि एक सूत. दुसऱ्या ओळीत चार नाइन पॅच, शिवणी १६, तूट आठ सूत, म्हणजे बरोबर एक इंच. कापड मुळीच ताणले गेले नव्हते. साध्या चौकोनाच्या पोटात शिवण नसते, म्हणून तो पूर्ण मापाचा राहिला. नाइन पॅच दोन शिवणींमुळे एक सूत आखडला आणि मी दोघांना जबरदस्तीने जोडत बसले.

इतकी वर्षे हे लक्षात का आले नाही, याचे उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. मी नेहमी सारख्याच शिवणींच्या चौकटी एकमेकींना जोडत आले. सगळ्या सारख्याच चुकीच्या असल्यामुळे त्या एकमेकींत तंतोतंत बसत, आणि बसतात म्हणून त्या बरोबर आहेत असे मी धरून चालले होते. मशीनच्या पायाची कड पाव इंचावर आहे हे कुणीतरी सांगितले होते आणि मी ते कधी मोजले नाही. शिवाय शिवण एका बाजूला दाबली की घडीच्या जाडीतही केसभर कापड जाते, त्यामुळे टीप पाव इंचाच्या किंचित आतूनच मारावी लागते. आता मशीनच्या पाट्यावर जाड कागदाच्या पाच-सहा घड्यांची एक भिंत चिकटवली आहे. तिला कापड टेकवून शिवले की तिसऱ्या प्रयत्नात साडेतीन भरले.

२० मार्च

इस्त्रीचा तास. इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची. शिवणीची माया गडद बाजूला वळवायची, म्हणजे फिकट कापडातून ती दिसत नाही. शेजारच्या ओळीत ती आपोआप उलट दिशेला पडते, त्यामुळे दोन शिवणी समोरासमोर आल्या की बोटाला एक हलकी खाच लागते आणि त्या एकमेकींत अडकतात. ही खाच डोळे मिटून ओळखायला लावली. सर्वांना जमली.

१७ एप्रिल

आजचा वर्ग त्रिकोणांचा. दोन रंगांचे चौकोन एकमेकांवर ठेवायचे, कर्णरेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि मग रेषेवर कापायचे, की दोन दुरंगी चौकोन एकदम मिळतात. शिवल्यावर जेवढा चौकोन हवा त्यापेक्षा सात सूत मोठा तुकडा घ्यावा लागतो, म्हणजे तीन इंचांसाठी तीन इंच सात सूत. मी सरळ चार इंच घ्यायला सांगते आणि नंतर साडेतीनला छाटायला लावते. त्यात एक सूत कापड वाया जाते, पण मन:शांती मिळते.

एका विद्यार्थिनीने घाईत आधी त्रिकोण कापले, मग शिवले आणि वर वाफेची इस्त्री जोरात फिरवली. चौकोनाची लाट झाली. कापडाचा उभा धागा ताणला जात नाही, आडवा थोडा ताणला जातो आणि उरेब, म्हणजे तिरकी, बाजू रबरासारखी वाढते, हे मी आधी फळ्यावर सांगितले होते. पण फळ्यावरचे कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते आणि तिची ती लाट मात्र सगळ्यांना पाठ झाली. तो तुकडा मी मागून घेतला आहे, पुढच्या तुकडीला दाखवण्यासाठी.

गोल पात्याच्या कटरचा विषयही निघाला. वर्गातल्या दोघींना तो हातात धरायची भीती वाटते. ओल्फा कंपनीने पहिला रोटरी कटर १९७९ मध्ये आणला, त्यापूर्वीचे सगळे काम कात्रीवरच झालेले आहे, तेव्हा कात्रीने कापायला हरकत नाही, असे त्यांना सांगितले. इतरांना एकच शिस्त घातली, की कापून झाल्यावर हातातून खाली ठेवण्याआधी पाते झाकायचे.

८ मे

भाचीच्या बाळासाठी ३६ इंचांची चौरस गोधडी केली, तुकडे साडेतीनच्या डब्यातले. देताना स्पष्ट सांगितले, की पहिले वर्षभर ही पाळण्यात किंवा झोपताना अंगावर घालायची नाही, जमिनीवर पसरून बाळाला त्यावर खेळवायचे. तान्ह्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण असू नये, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. याच कारणाने बटणे, नाड्या, टोकाला गाठी असे काही लावले नाही. लावायचा मोह मात्र फार झाला होता.

१२ जून

भाचीचा फोन आला. पहिल्याच धुण्यात मरून तुकड्यांचा रंग सुटला आणि शेजारचे सात पांढरे चौकोन गुलाबी झाले. तो मरून बाहेरून आलेल्या पिशवीतला होता. जाळून पाहिला, सुती ठरला, पण भिजवून पाहिला नाही.

गोधडी अजून ओली होती हे नशीब, कारण वाळली किंवा इस्त्री झाली की सुटलेला रंग घट्ट बसतो. ती तशीच पिशवीत घालून मागवून घेतली. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि थोडा द्रव साबण घालून ती पूर्ण बुडवली आणि बारा तास तशीच ठेवली. पाणी भरपूर असावे लागते, म्हणजे सुटलेला रंग पाण्यात तरंगत राहतो आणि पुन्हा कापडाला चिकटत नाही. पहिले पाणी सरबताच्या रंगाचे, दुसरे फिकट, तिसरे स्वच्छ. सातपैकी सहा चौकोन पांढरे झाले, सातव्याच्या कोपऱ्यात गुलाबी छटा राहिली आहे. मीठ किंवा व्हिनेगर घालण्याचे सल्ले तिघींनी दिले, परंतु हल्लीचे सुती कापडाचे रंग त्यांनी पक्के होत नाहीत. आता बाहेरून आलेला प्रत्येक लाल, मरून आणि गडद निळा तुकडा आधी गरम पाण्याच्या पेल्यात, एका पांढऱ्या चिंधीसोबत, अर्धा तास ठेवायचा. चिंधी रंगली तर तुकडा डब्यात जाणार नाही.

१० जुलै

नाइन पॅचचे तीन पदर एकत्र टाचले. अस्तर चारही बाजूंनी चार इंच जास्त घेतले, उलटे पसरून फरशीला चिकटपट्टीने ताणून लावले, त्यावर सुती मधला थर, त्यावर दर्शनी पदर. दर मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिन. मशीनवर मधोमध सुरुवात करून कडेकडे जात सरळ टिपा मारायला घेतल्या आणि सातव्या ओळीनंतर उलटून पाहिले, तर अस्तराला बोटभर चुणी पडलेली. एका कडेची चिकटपट्टी सुटली होती आणि मला ते कळले नव्हते. दोन तास उसवले. उसवताना दर चौथा टाका कापायचा आणि मागचा दोरा ओढायचा, म्हणजे कापडाला भोके पडत नाहीत. वॉकिंग फूट हा मशीनचा वेगळा पाया लावला असता तर वरचा पदर आणि खालचा पदर बरोबरीने सरकले असते, हे खरे. तो कपाटात होता, हेही खरे.

२१ ऑगस्ट

उरलेले टाके हाताने घालायचे ठरवले आणि वर्गातही धावदोराच घेतला. सुयांच्या आकड्यांनी सगळ्यांचा गोंधळ उडाला. हाताच्या सुईचा आकडा वाढला की सुई लहान आणि बारीक होते, तर मशीनच्या सुईचा आकडा वाढला की ती जाड होते, कारण तिथे ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडी. पहिल्यांदा शिकणाऱ्याला नऊ नंबरची आखूड सुई द्यावी, बारा नंबरच्या सुईत दोरा ओवण्यातच तास संपतो.

गाठ लपवण्याची युक्ती सर्वांत आवडली. दोऱ्याच्या टोकाला छोटी गाठ मारून सुई इंचभर लांबून फक्त वरच्या पदरात आणि मधल्या थरात घालायची, मग दोऱ्याला हलका झटका द्यायचा. टक असा बारीक आवाज होतो आणि गाठ आत शिरून कापसात बसते. काकांनी तो आवाज ऐकण्यासाठी चार वेळा दोरा तोडला.

१८ सप्टेंबर

काकांनी स्वत:चे जुने, कामावर वापरलेले शर्ट आणले. मी सवयीने मापे सांगू लागले, तर त्यांनी ती नम्रपणे नाकारली. खिसा काढल्यावर त्याखाली राहिलेला गडद चौकोन त्यांना तसाच ठेवायचा होता, भोवतालचे विटलेले कापडही. त्यांनी शर्टाच्या पाठी आणि बाह्या आहेत त्या रुंदीने जोडल्या, वाकड्या तर वाकड्या. मला अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड या गावच्या स्त्रियांची आठवण झाली. शेतातल्या कामाचे झिजलेले कपडे जोडून त्यांनी केलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही. खिशाखालचे न विटलेले कापड तिथल्या काही गोधड्यांतही असेच दिसते. मी काकांना फोटो दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझी मोजपट्टी मी घरी विसरलो ते बरेच झाले."

माझ्या तीन मापांच्या डब्यांत त्यांच्या गोधडीला जागा नाही, हे मान्य.

९ ऑक्टोबर

गोट, म्हणजे गोधडीच्या कडेची पट्टी, लावण्याचा वर्ग, आणि गणिताची फजिती. एका विद्यार्थिनीला २४८ इंच लांबीचा गोट हवा होता. तिचे कापड ४२ इंच रुंद, म्हणून तिने सहा पट्ट्या कापल्या: २५२ इंच, पुरेशा. पण अडीच इंच रुंद पट्ट्या तिरक्या जोडल्या की दर जोडाला अडीच इंच खर्ची पडतात, पाच जोडांत साडेबारा. हाती उरले दोनशे साडेएकोणचाळीस. शेवटच्या कोपऱ्यापाशी आठ-साडेआठ इंच गोट कमी पडला. जोड सरळ मारले असते तर जेमतेम पुरला असता, मात्र त्या ठिकाणी सगळ्या घड्या एकावर एक येऊन गाठ झाली असती.

माझ्या नाइन पॅचला योगायोगाने तेवढाच गोट लागणार होता. ५३ आणि ६५ यांची दुप्पट २३६, अधिक कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी १२. मी तो डब्यातल्या १७ तुकड्यांचा केला. सोळा जोडांत ४० इंच गेले, म्हणजे २८८ इंच पट्टी लागली. उरलेल्या कापडाने काटकसर होते असे म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

२३ ऑक्टोबर

मागच्या कोपऱ्यात नाव आणि वर्ष भरले. सर्वांकडून भरून घेतले, कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी केली. इंग्लंडमधली एक रेशमी तुकड्यांची गोधडी आज तिच्यावर शिवलेल्या १७१८ या सालामुळेच नेमकी ओळखली जाते. करणारीची मात्र ई. एच. ही दोनच अक्षरे आहेत, आणि ती कोण होती याचा अंदाजच करावा लागतो. म्हणून पूर्ण नाव लिहा, असे सांगितले.

१३ नोव्हेंबर

जानेवारीतला एक नियम रद्द. दीड इंचाचा डबा ओसंडून वाहतो आहे आणि त्यातून वर्षभरात फारसे काही बाहेर गेले नाही. आळस म्हणून स्वत:ला दोष देत होते, मग हिशेब केला. दीड इंची चौकोनाचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस इंच, पण शिवल्यावर दिसतो एकच चौरस इंच, म्हणजे निम्म्याहून जास्त कापड शिवणीत दडते. अडीचचे ६४ टक्के दिसते, साडेतीनचे ७३. एक चौरस फूट भरायला दीड इंची १४४ तुकडे लागतात, अडीचचे ३६. शिवाय इतक्या दाट शिवणींतून हाताची सुई पुढे सरकत नाही. यापुढे दीड इंच फक्त मुद्दाम काही बारीक करायचे असेल तेव्हाच कापायचे.

त्या अनिर्णित पिशवीचा निकाल मात्र लागला. जुन्या वह्यांची पाने साडेसहा इंचांची कापून, त्यांवर लांब पट्ट्या तिरक्या एकीशेजारी एक शिवत गेले, मग पानाच्या कडेने छाटले आणि कागद फाडून काढला. यासाठी टाका बारीक ठेवावा लागतो, म्हणजे कागद नीट फाटतो. पट्टी कितीही वेडीवाकडी असली तरी चालते, उलट वाकडी असेल तर अधिक छान दिसते. तीन आठवड्यांत एक संपूर्ण दर्शनी पदर झाला. माप कापडाला द्यायचे सोडून कागदाला दिले, एवढाच फरक. काकांना सांगितले तर ते नुसते हसले.

२८ डिसेंबर

वजन: ७ किलो ९०० ग्रॅम. साडेतीन किलो कमी झाले म्हणून आनंद झाला आणि मग नोंदी जुळवल्या. बैठकीच्या दोन उशांत २ किलो ३०० ग्रॅम गेले. विद्यार्थ्यांना ९०० ग्रॅम दिले. बाहेरून १ किलो १०० ग्रॅम आले, नाही म्हणता आले नाही. प्रत्यक्ष शिवले गेले ते १ किलो ४००: नाइन पॅच ४२०, बाळाची १६०, वर्गातले नमुने ३२० आणि पट्ट्यांचा पदर ५००. एवढी मोठी नाइन पॅच, तिच्या दर्शनी पदरात कापड अर्धा किलोही नाही. याच गतीने, आणि दारातून काही आत आले नाही तर, डबे रिकामे व्हायला आणखी पाच-सहा वर्षे लागतील.

नाइन पॅच आज पलंगावर घातली. कुठे ओढूनताणून बसवली आहे ते मला एकटीला दिसते. दुपारी पट्ट्यांच्या गोधडीला गोट लावून झाला आणि पट्टीचे तीन तुकडे उरले: चौदा इंच, नऊ इंच आणि सहा इंचांचा एक. टेबलावरून उठण्याआधी त्यांचे दहा चौकोन केले, अडीचच्या डब्यात टाकले आणि कटरचे पाते झाकले.